कोपर, गुडघे, पाठ यांची न थांबणारी खाज आणि गहू : डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस

रानजाई (नाशिक)

नमस्कार मंडळी,

दोन्ही कोपरांवर एकदमच खाज उठते, मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच, असं ज्यांचं किंवा ज्यांच्या घरातल्या कुणाचं चाललंय त्यांनी हा धागा शेवटपर्यंत वाचावा, एवढ्याचसाठी काढतेय.

माझ्या आजाराचं नाव डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. पुढे नुसतं डीएच म्हणते. नाव वाचून नागीण किंवा हर्पिस आठवते, पण कुठल्याही विषाणूशी याचा संबंध नाही आणि हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. सीलिॲक नावाचा जो आजार आहे, ज्यात गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन शरीराला चालत नाही, त्याचंच हे त्वचेवर उठणारं रूप. फिलाडेल्फियाच्या लुई ड्युरिंग या त्वचारोगतज्ज्ञाने १८८४ साली याचं वर्णन केलं, म्हणून जुनी डॉक्टर मंडळी याला ड्युरिंगचा आजार म्हणतात.

आता खाजेबद्दल. डासाच्या किंवा घामोळ्यांच्या खाजेशी हिची तुलनाच नको. आधी त्या जागी चुणचुणतं, भाजल्यासारखं होतं. कातडीवर अजून काहीच दिसत नसतं, पण फोड कुठे येणार ते मला आदल्या रात्रीच कळायचं. मग तिथे लालसर जागा, तिच्यावर खसखशीच्या दाण्याएवढे पाणीदार फोड, घोळक्याने. ते फुटेपर्यंत खाजवल्याशिवाय चैन पडत नाही आणि फुटले की जरा शांत वाटतं. त्यामुळे डॉक्टरांकडे पोचेपर्यंत फोड शिल्लकच नसतात. दिसतात फक्त खपल्या, ओरखडे आणि काळे डाग. पोळ्या लाटताना मी ओट्याच्या कडेवर कोपर घासत असायची. सकाळी उशीच्या अभ्र्यावर आणि चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे.

जागा ठरलेल्या: कोपरांची मागची बाजू, गुडघे, ढुंगण, पाठीचा वरचा भाग, मान आणि केसांच्या कडेची कातडी. आणि डावीकडे आलं की उजवीकडेही त्याच जागी येणार. हा सारखेपणा लक्षात ठेवा.

आधी मला खरूज सांगितली. घरातल्या सगळ्यांनी मानेपासून तळपायापर्यंत औषध चोपडलं, चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या. मग नायटा म्हणून तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आली. तिच्यात स्टेरॉइड असल्याने आठवडाभर कातडी निवळायची आणि मग दुप्पट उसळायची. मग ॲलर्जी. त्या गोळ्यांनी झोप यायची, खाज तशीच. एका लॅबमध्ये कातडीचा तुकडाही तपासून झाला, रिपोर्टात विशेष काही नाही असा शेरा आला आणि घरच्यांना वाटलं की हे सगळं माझ्या मनाचं आहे. तो तुकडा चुकीच्या जागेचा आणि चुकीच्या द्रावणात ठेवलेला होता, हे नंतर कळलं.

शेवटी एका वयस्कर त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी कोपर पाहिले, पाठ दाखवायला सांगितली, मग विचारलं, "हिमोग्लोबिन नेहमी कमी असतं का?" असायचं. लोहाच्या गोळ्या खाऊनही वर यायचं नाही आणि सगळे पाळीच्या नावावर खपवायचे. पोटाची तक्रार मला कधीच नव्हती. नव्याने बायोप्सी झाली, रक्ताची टीटीजी ही सीलिॲक शोधणारी तपासणी झाली, दोन्हींत निदान पक्कं झालं.

गहू सोडून आता बराच काळ झालाय. कातडी स्वच्छ आहे, रात्रीची झोप आहे, हिमोग्लोबिन गोळीशिवाय टिकून आहे. विचारायचं असेल ते विचारा. माहितगारांनी भर घाला.

---

गोदाकाठ (नाशिक)

ताई, वाचून हादरलो. माझ्या थोरल्या भावाचं अगदी हेच चाललंय, कोपर आणि ढुंगण. तो म्हणतो अंगात उष्णता झालीये, सब्जाचं पाणी पितोय. पण त्याला पोटाचा काहीच त्रास नाही, चांगला धडधाकट आहे, रोज सहा पोळ्या खातो. सीलिॲक म्हणजे जुलाब, वजन उतरणं, लहान मुलांचा आजार, असंच मी ऐकलं होतं. पोट ठीक असताना गव्हाचा संबंध असू शकतो?

---

रानजाई

असू शकतो, दादा. मीच उदाहरण आहे. सब्जा पिऊ द्या, त्याने काही बिघडत नाही, पण पोळ्या मात्र तपासणी होईपर्यंत बंद करू नका. हे उलटं वाटेल. त्याचं कारण इथले डॉक्टर नीट सांगतील.

---

त्वग्वैद्य

रानजाई, धागा फार मोलाचा काढलात. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. कुणाचं निदान धाग्यावर करणार नाही, पण कुठल्या दिशेने जायचं ते सांगतो.

पोटाबद्दल आधी. डीएच असलेल्या बहुतेकांना पोटाची जाणवण्यासारखी तक्रार नसते. तरीही आतड्याचा तुकडा तपासला तर बहुतेकांत सीलिॲकचे बदल सापडतात, कुणात ठळक, कुणात सौम्य. त्वचा आणि आतडं यांचा हा संबंध ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९६६ साली दाखवून दिला. तोवर हे दोन वेगळे आजार मानले जात. आज आपण म्हणतो की आजार एकच, तो कुणाच्या आतड्यात बोलतो, कुणाच्या कातडीत. डीएच साधारण तिशी-चाळिशीत सुरू होतो, लहान मुलांत क्वचित. म्हणून "हा लहान मुलांचा आजार" या समजापायी मोठी माणसं वर्षानुवर्षं मलमं लावत बसतात.

आत काय घडतं? गहू, जव आणि राय या तीन धान्यांतलं ग्लूटेन खाल्लं की ज्यांच्यात डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकीय ठेवण आहे, त्यांच्यापैकी काहींचं शरीर ट्रान्सग्लुटामिनेज या स्वतःच्याच विकराविरुद्ध (एन्झाइमविरुद्ध) प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवू लागतं. या विकराचा एक प्रकार आतड्यात, दुसरा त्वचेत. त्वचेतल्या प्रकाराविरुद्धची आयजीए प्रतिपिंडं कातडीच्या वरच्या थराखाली कणाकणांनी साठतात. पांढऱ्या पेशी तिथे धावतात, दाह होतो आणि फोड उठतो.

निदान याच कणांवर होतं, आणि बायोप्सी फसते ती इथेच. कृपया हे नीट वाचा.

तुकडे दोन घ्यायचे. एक ताज्या फोडाचा, तो फॉर्मलिनमध्ये, नेहमीच्या तपासणीसाठी. दुसरा फोडाच्या शेजारच्या, साध्या डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या कातडीचा, डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स या तपासणीसाठी. फोडाच्या आत दाहामुळे आयजीएचे कण नष्ट झालेले असू शकतात, म्हणून शेजारची जागा. हा दुसरा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की तपासणी वाया गेली. त्याला मिशेल नावाचं वेगळं द्रावण लागतं. साधं सलाइनही चालतं, पण मग तो लगेच, दिवसभरात, प्रयोगशाळेत पोचायला हवा. ही सोय सगळीकडे नसते. वैद्यकीय महाविद्यालयांत आणि मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत असते. बायोप्सीला होकार देण्याआधी "इम्युनोफ्लुरोसन्ससाठी वेगळा तुकडा घेणार ना?" एवढं विचारायला कुणीही संकोचू नये. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

सोबत रक्तात टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, त्यांची टीटीजी खोटीच नॉर्मल येते, म्हणून एकूण आयजीए हवं.

आणि हो, गहू आधी सोडू नका. ग्लूटेन थांबलं की रक्तातली प्रतिपिंडं उतरू लागतात, आतडं भरून येऊ लागतं आणि निदान अधांतरी राहतं. जन्मभराचं पथ्य अंदाजावर सुरू करायचं नसतं.

अंगावर पित्त उठणं यापेक्षा हे वेगळं कसं, असं रुग्ण विचारतात. पित्ताच्या गांधी काही तासांत, फार तर दिवसभरात, जागा बदलतात आणि मागे डाग ठेवत नाहीत. डीएचचे फोड त्याच जागी दिवसेंदिवस राहतात, खपली धरतात, डाग सोडतात. कधी तळहातांवर, बोटांच्या टोकांवर बारीक जांभळे ठिपकेही दिसतात. अशा रुग्णाने हात पुढे केला की मी आधी तेच शोधतो.

---

वैनगंगा (चंद्रपूर)

उपचाराबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, तर मी लिहिते. माझ्या यजमानांना डीएच आहे.

त्यांना डॅप्सोन सुरू केली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज गेली. गेली म्हणजे गेलीच. इतकी वर्षं रात्री पंख्याखाली उघडे बसून काढलेला माणूस शांत झोपला, तर मीच घाबरून दोनदा उठून पाहिलं.

पण औषधाच्या दुकानातून गोष्ट बाहेर आली. डॅप्सोन ही कुष्ठरोगाच्या उपचारातली जुनी गोळी, हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक. आमच्या जिल्ह्यात वरोऱ्याला आनंदवन आहे, तिथलं काम पाहून आम्ही मोठे झालो, तरी घरात नुसती पट्टी दिसली तर सासरच्या नात्यातल्यांनी पाणी घेणं बंद केलं. एका लग्नात यजमानांना वेगळ्या ताटात वाढलं. मी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, की यांना कुष्ठरोग नाही, आणि असता तरी उपचार सुरू असलेल्या माणसाजवळ बसून जेवल्याने काही होत नाही. बाबा आमट्यांच्या जिल्ह्यात राहून हे सांगावं लागतं याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून ज्यांना ही गोळी लिहून मिळेल त्यांनी घरच्यांना आधीच बसवून सांगा. एकच औषध दोन वेगळ्या आजारांत चालतं, इतकं साधं आहे ते.

आणखी एक. यजमानांना साखर आहे. डॅप्सोन सुरू झाल्यावर तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी एकदम छान आली, आम्ही पेढे वाटायच्या बेतात. डॉक्टरांनी थांबवलं. डॅप्सोनमुळे लाल पेशी लवकर तुटतात, त्यामुळे तो आकडा खोटाच खाली येतो. बोट टोचून रोजची साखर पाहिली तर होती तेवढीच. मधुमेह असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना नक्की विचारा.

---

त्वग्वैद्य

वैनगंगाताई, लग्नात सगळ्यांसमोर बोललात याबद्दल मनापासून नमस्कार.

साखरेचा मुद्दा अगदी बरोबर. त्याला जोडून: डॅप्सोन सुरू करण्याआधी जी६पीडी या विकराची रक्ततपासणी झालीच पाहिजे. हे विकर कमी असलेल्यांच्या लाल पेशी या गोळीने धोकादायक वेगाने फुटतात. गोळी सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे हिमोग्राम वरचेवर, सोबत यकृताची तपासणी. घसा दुखून ताप आला, ओठ-नखं निळसर दिसली, डोळे पिवळे झाले, किंवा तापासोबत अंगभर नवं पुरळ उठलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शेजाऱ्याच्या पट्टीतली गोळी घेऊन पाहणं हा प्रकार अजिबात नको.

डॅप्सोन कातडीतला दाह शमवते. आतड्यावर तिचा काडीचाही परिणाम होत नाही आणि प्रतिपिंडं बनतच राहतात. गोळी बंद केली की दोन दिवसांत खाज हजर. खरा उपचार ग्लूटेन सोडणं, पण त्याचा गुण कातडीवर दिसायला कित्येक महिने, कधी दोन वर्षंही लागतात, कारण साठलेले आयजीएचे कण फार सावकाश विरतात. तोवर गोळीचा आधार, आणि पथ्य मुरत जाईल तशी ती हळूहळू कमी. पुष्कळांची पुढे पूर्ण सुटते.

"गोळीने बरं वाटतंय तर पोळी का सोडू?" हे मी दर वेळी ऐकतो. कारण आतडं खराब होतच राहतं: लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं नीट शोषली जात नाहीत, हाडं ठिसूळ होतात, आणि लिम्फोमा या कर्करोगाचा धोका, थोडा का होईना, वाढतो. काटेकोर पथ्याने तो उतरतो. घाबरवण्यासाठी सांगत नाही, पथ्याचं वजन कळावं म्हणून सांगतोय.

---

कृष्णातीर (सातारा)

सगळं पटलं, पण एक सांगू का? हे सगळं संकरित गव्हामुळे झालंय. आमच्याकडे खपली गहू पिकतो, पूर्वापार. तो पचायला हलका, साखरवाल्यांनाही देतात. रानजाईताईंनी रोजचा गहू सोडून खपली खाऊन बघावी. आमच्या आज्याला कधी असले आजार नव्हते.

---

रानजाई

कृष्णातीर, खपलीबद्दलचं तुमचं प्रेम समजते, माझ्या आजोळीही तिची खीर व्हायची. पण माझ्यासारखीने ती खाऊ नये. खपली हा गव्हाचाच जुना प्रकार, आणि तिच्यात ग्लूटेन असतं. ज्याला सीलिॲक नाही त्याने खुशाल खावी. ज्याला आहे त्याला खपली, बन्सी, लोकवन, सिहोर, रवा, दलिया, मैदा सगळं सारखंच वर्ज्य. इथे वाचून कुणी "खपली चालते" असं धरून बसू नये, म्हणून इतकं स्पष्ट लिहितेय.

---

त्वग्वैद्य

रानजाईंशी पूर्ण सहमत. आणि आज्यांच्या काळीही हा आजार होताच, ओळखला जात नव्हता. गव्हाचा दोष मुळात सापडला तोच युद्धकाळात. विलेम डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे उपासमार झाली, पाव मिळेना, आणि सीलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आल्यावर ती पुन्हा खंगली. डिके यांना आधीपासून गव्हाचा संशय होताच, पुढे १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो मांडला.

आपल्याकडचंही सांगतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर भारतात प्रौढांमध्ये सीलिॲकचं प्रमाण १.२३ टक्के आढळलं, दक्षिणेत ०.१० टक्के. जनुकीय ठेवण दोन्हीकडे आहे, फरक मुख्यतः गहू खाण्यातला दिसतो. महाराष्ट्रात भाकरीची जागा पोळीने घेतली आहे, हे लक्षात घेऊन मी हल्ली जास्त सावध असतो.

---

जोंधळा (सोलापूर)

डॉक्टरसाहेब, भाकरीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. माझ्या मुलीला सीलिॲक आहे. कातडीचं नाही, पोटाचं. पण पथ्य एकच.

लोक म्हणतात, गहू सोडून जगायचं कसं. आम्ही सोलापूरची माणसं, आमच्या ताटात ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, बाजरी, तांदूळ, नाचणी, वरी, राजगिरा. यात ग्लूटेन नाही. पंजाबातल्या माणसापेक्षा आपलं पुष्कळ सोपं आहे. अडचण धान्यात नाही, गिरणीत आहे.

मुलीला भाकरी सुरू केली तरी टीटीजी उतरेना. मी एक दिवस गिरणीत जाऊन उभा राहिलो. आमच्या आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण. चक्कीतलं पीठ झटकलं न झटकलं, त्याच्यावर आमची ज्वारी. डबा भरताना वरून हाताने पीठ सारखं केलं, तो हातही गव्हाच्या पिठाचा. मापाचं पातेलं तेच, खाली पडलेलं पीठ लोटायचा ब्रशही तोच. अन्नसुरक्षेच्या नियमात ग्लूटेनमुक्त म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. एवढं तर त्या चक्कीच्या सांदीत अडकलेल्या पिठानेच भरून जात असेल.

घरघंटी घेतली, फक्त तिच्या धान्यासाठी. घरात गव्हाचा कण तिच्यात जाऊ देत नाही. त्यानंतर टीटीजी उतरत गेली. घरघंटी परवडत नसेल तर आसपासची चार घरं मिळून घ्या, किंवा फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधा. धान्य दळायच्या आधी निवडून, धुऊन वाळवा, पोत्यात गव्हाचे दाणे निघतात.

हॉटेलातल्या भाकरीवर विश्वास ठेवू नका. थापायला सोपी जावी म्हणून कणीक मिसळतात, पोळीच्याच तव्यावर टाकतात.

---

आजीची भाजणी (पुणे)

जोंधळा यांनी गिरणीचं लिहिलं, मी डब्यांचं लिहिते. सुनेला डीएच निघाल्यावर स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून पाहिला. जिथे गहू असेल असं वाटलंच नव्हतं तिथे सापडला.

हिंग! बाजारातला बांधानी हिंग मैदा किंवा गव्हाचं पीठ घालून केलेला असतो. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, भिंग लावून वाचा. रोजच्या प्रत्येक फोडणीत चिमूटभर, म्हणजे रोज दोन्ही वेळा गहू. तांदळाच्या पिठात केलेला हिंग मिळतो, तो घ्या.

मेतकूट. त्यात भाजलेला गहू असतोच. थालिपिठाच्या भाजणीतही. सातू तर गहू किंवा जवाचाच. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, शेवया गव्हाच्या. त्याऐवजी कोकणातले तांदळाचे शिरवाळे करते, नारळाच्या रसात. भाजणी मी आता ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे-जिरे अशी करते आणि घरातले सगळे तीच खातात. खमंगपणात काही फरक पडत नाही.

आंबोळीच्या पिठात काही जणी मूठभर गहू घालतात, विचारून खावं. सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्स स्वतः चालण्यासारखे असले तरी गव्हाबरोबर हाताळले जातात, तेव्हा ग्लूटेनमुक्त छाप असल्याशिवाय नको.

लाकडी पोळपाट-लाटणं सुनेचं वेगळं. भेगांत कणीक राहते. परात आणि पीठ चाळायची चाळणीही वेगळी.

सत्यनारायणाच्या प्रसादाचं विचाराल तर आमच्याकडे आता शिरा वरीच्या तांदळाचा होतो. गुरुजींना आधी सांगितलं, ते म्हणाले भाव शुद्ध असला की पुरे. होळीला सून पुरण वाटीत घेते, वर तुपाची धार. तिला कुणी "एवढीशी पोळी खा, काही होत नाही" म्हटलं की मी मध्ये पडते. एवढ्याशाने तिची पाठ पुन्हा फुलते, ते रात्री मी पाहिलंय.

---

वसईकर

आजी, प्रसादाचं वाचलं म्हणून आमच्या चर्चमधलं सांगतो. कम्युनियनची ओस्ती, म्हणजे प्रसादाची पातळ चकती, गव्हाची असते. बहिणीला सीलिॲक निघाल्यावर तिने कम्युनियनच सोडलं होतं आणि मनातून फार खचली होती. धर्मगुरूंशी बोललो. पूर्णपणे ग्लूटेन काढलेली ओस्ती चर्चच्या नियमात बसत नाही, २०१७ च्या व्हॅटिकनच्या पत्रात ते पुन्हा स्पष्ट केलंय. पण अगदी कमी ग्लूटेनची ओस्ती चालते, आणि तीही नको असेल तर फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेता येतं. मात्र ज्या कपात ओस्तीचा तुकडा टाकतात तो नको, वेगळा कप हवा. आमच्या फादरनी लगेच व्यवस्था केली. गोवा-वसईतल्या ज्यांना अडचण असेल त्यांनी लाजू नये, थेट बोलावं.

---

हिमकण (टँपेरे, फिनलंड)

मी कामानिमित्त टँपेरेला राहतो. इथलं विद्यापीठ सीलिॲक आणि डीएचवरच्या संशोधनासाठी नावाजलेलं. फिनलंडमध्ये डीएचचं प्रमाण लाखात सुमारे ७५, जगात नोंदलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. मला इथे निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी कोपर पाहून पहिल्याच भेटीत हेच नाव घेतलं. इथे सीलिॲक लवकर ओळखला जाऊ लागल्यापासून डीएचचे नवे रुग्ण कमी होत चाललेत. म्हणजे आतड्यातच आजार धरला तर तो कातडीपर्यंत येण्याची वेळ बऱ्याचदा येत नाही, असं इथले डॉक्टर मानतात.

सुट्टीत ठाण्याला आलो की मला सगळ्यात सोपं पडतं ते कोकणी जेवण: भात, आमटी, घावन, उकडीचे मोदक. फक्त तळलेले मासे जपून, कारण रव्यात घोळवतात. तांदळाचं पीठ लावायला सांगतो.

---

तुळशीवृंदावन

माझा प्रश्न वेगळा आहे. वर्षापूर्वी कुणीतरी सांगितलं म्हणून मी गहू सोडला आणि खाज बरीच कमी झाली. तपासणी काहीच केली नव्हती. सोबत रक्तशुद्धीचा काढाही घेत होते, तेव्हा गुण कशाचा तेही कळत नाही. आता निदान करता येईल का?

---

त्वग्वैद्य

येईल, थोडं वळण घेऊन. त्वचेतले आयजीएचे कण गहू सोडल्यावरही बराच काळ टिकतात, म्हणून इम्युनोफ्लुरोसन्स अजूनही होकारार्थी येऊ शकते. डीक्यू२-डीक्यू८ ची तपासणी आहाराने बदलत नाही. ती दोन्ही नकारार्थी आली तर सीलिॲक जवळपास बाद. होकारार्थी आली तर मात्र एवढ्यावर निदान होत नाही, कारण ही ठेवण पुष्कळ निरोगी माणसांतही असते. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा गहू खाऊन तपासण्या कराव्या लागतात. आपल्या मनाने तो प्रयोग करू नका. काढ्याने खाज गेली की गव्हाने, याचं उत्तरही तेव्हाच मिळेल.

---

मालवणी बांगडो (मालवण)

आयोडीनने हा आजार वाढतो असं ऐकलंय. आम्ही रोज मासे खाणारे. मासे आणि आयोडीनयुक्त मीठ दोन्ही बंद करायचं?

---

त्वग्वैद्य

सरसकट नाही. काही रुग्णांत जास्त आयोडीनने फोड उसळतात, विशेषतः सुरुवातीला. खाल्ल्यावर स्पष्टपणे वाढतंय असं दिसलं तर काही काळ कमी करून पाहतात, तेही डॉक्टरांना विचारून. थायरॉइडला आयोडीन लागतं. आणि या रुग्णांत थायरॉइडचे आजार तसेही जास्त दिसतात, त्यामुळे टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी अधूनमधून करावी. समुद्री शेवाळाच्या शक्तिवर्धक गोळ्या मात्र घेऊ नयेत.

---

गोदाकाठ

मंडळी, कळवायला आलोय. भावाला घेऊन वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. "वेगळा तुकडा घेणार ना?" हे त्याने स्वतः विचारलं. निवासी डॉक्टर म्हणाले, घेणारच होतो. आयजीएचे कण सापडले, टीटीजीही वाढलेली. जी६पीडी ठीक आली, म्हणून परवा डॅप्सोन सुरू झाली. आज फोनवर त्याचा आवाजच वेगळा होता.

आता दोन गोष्टी विचारायच्या होत्या. मीही तपासून घ्यावं का? मला काहीच त्रास नाही. आणि नाशिकमध्ये फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी कुणाला माहीत आहे का? वहिनी विचारतेय.

---

त्वग्वैद्य

घ्या. आई-वडील, भावंडं आणि मुलं यांनी त्रास नसला तरी एकदा टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए करावं. जवळच्या नात्यात साधारण वीसांत एकाला सीलिॲक किंवा डीएच निघतो. तुमची तपासणी होईपर्यंत तुम्हीही पोळी सोडू नका.

---

रानजाई

दादा, छान बातमी दिलीत. गिरणीचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. तिथे सकाळी लवकर दळण सुरू करतात आणि गहू घेत नाहीत. वहिनींना सांगा, पहिल्या वेळी स्वतः जाऊन उभं राहून बघायचं. आणि घरातली हिंगाची डबी आजच बदला.